पावसाआधी मशीन कुठे उभं राहणार

पहाटे ५

मे सरत आला की महाडमध्ये आमच्या धंद्यातल्या माणसाची झोप पहाटेच मोडते. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस दाराशी येणार आणि त्याच्या आत डोंगरातली मातीकामं आवरायची असतात. मी एका कंत्राटदाराकडे मशिनरी बघतो. कुठल्या कामाला कुठलं मशीन न्यायचं, ते कुठल्या वाटेनं चढवायचं, कुणाच्या हातात द्यायचं, किती तास चालवायचं आणि काम संपल्यावर कुठे उभं करायचं, हे सगळं माझ्याकडे. सध्या तळीयेच्या पंचक्रोशीत एका वाडीच्या रस्त्याचं काम चालू आहे. वरच्या अंगाची सुटलेली माती उतरवायची, पायथ्याला दगड भरलेल्या जाळ्यांची भिंत घालायची आणि पाणी रस्त्यावर न येता ओढ्याला मिळेल अशी गटारं काढायची.

पहिला फोन साईटवर मुक्कामाला असलेल्या हेल्परला. "मशीनखाली तेल पडलंय का बघ." दुसरा डिझेलवाल्याला. हे दोन फोन झाल्याशिवाय मी चहाला हात लावत नाही.

सकाळी ६.१५

बिरवाडी मागे पडली की रस्ता वरंध घाटाच्या दिशेनं चढायला लागतो. आज मी गाडीत बसून जातोय, पण काम ठरलं तेव्हा हा वाडीचा रस्ता मी टेप घेऊन पायी चाललो होतो. मशीन निवडण्याची सुरुवात कॅटलॉगपासून होत नाही, ती रस्त्यापासून होते. वळणावर रुंदी किती, मोरीवर किती भार जाईल, विजेच्या तारा किती उंचीवर लोंबतात, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर कुठली कुठे बाजूला घ्यायची, हे सगळं वहीत उतरलं की अर्धा निर्णय आपोआप होतो.

पोकलेन लोबेड ट्रेलरवर येतो. हा लांबलचक ट्रेलर वाडीच्या वळणांवर फिरतच नाही. त्यामुळे मुख्य रस्त्याला जिथे रुंद जागा आहे तिथेच पोकलेन उतरवला आणि पुढचा रस्ता त्याला त्याच्या चेनवर चालवत नेला. डांबर उखडू नये म्हणून खाली जुने टायर टाकत, मागचे उचलून पुढे नेत. वेळ जातो, हेल्परांचे हात भरून येतात, शिवाय चेनवरचं मशीन लांब चालवलं की खालचे रोलर आणि पिन झिजतात. म्हणून हे अंतर जितकं कमी ठेवता येईल तितकं ठेवायचं. टेंडरमध्ये मशीनचे तास दिसतात. ही चाल दिसत नाही, पण खर्च तिचाही होतो.

सकाळी ७

साईटवर आमच्याकडे एक पोकलेन आहे आणि दोन जेसीबी. इंजिन चालू करण्याआधीची पंधरा-वीस मिनिटं माझ्या लेखी दिवसातली सगळ्यात मोलाची. इंजिन ऑईल, कूलंट, हायड्रॉलिक तेलाच्या काचेतली पातळी, चेनचा ताण, प्रत्येक पिनला ग्रीस. झारखंडचा आमचा ऑपरेटर हे सगळं न सांगता करतो. आज त्यानं मला हाक मारली, "साहेब, जरा दात बघा."

बकेटच्या पाच दातांपैकी मधल्या दाताची लॉक पिन अर्धी बाहेर आली होती. दात जागेवर होता, पण हातानं हलत होता. ही पिन बोटाएवढी. ती पडली की दात मातीत हरवतो, मग ज्या नाकावर तो बसतो ते नाकच दगडावर घासायला लागतं, आणि ते झिजलं की अख्ख्या बकेटच्या वेल्डिंगचं काम निघतं. आम्ही नवी पिन ठोकली. दहा मिनिटं गेली.

बूमवरच्या एका हॉज पाईपवर ओल दिसत होती. नवा हेल्पर बोट फिरवून गळती शोधायला निघाला, त्याचा हात मी धरला. या पाईपमधलं तेल एवढ्या दाबाखाली असतं की सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आलेली चिळकांडी कातडी फोडून आत शिरते. वरून जखम दिसत नाही आणि बोट कापायची वेळ येते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायची, तीही लांबून. हे प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. आज त्याचा पहिलाच दिवस होता.

सकाळी ८

टिप्पर आले. या साईटवर वीस टनी पोकलेन का आणला नाही, असं मला अजून विचारलं जातं. आमच्या भाषेत ‘टू हंड्रेड’. महामार्गाच्या कामांवर सगळीकडे तोच दिसतो, त्यामुळे मोठं मशीन म्हणजे वेगानं काम, असं लोकांना वाटतं. माझा हिशोब वेगळा आहे.

या रस्त्यावर दहाचाकी हायवा वळत नाही. म्हणजे सहाचाकी टिप्पर, दोन ब्रासचा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे एका टिप्परमध्ये साडेपाच-पावणेसहा घनमीटर सुटी माती. आमच्या ‘वन-फॉर्टी’ची, म्हणजे चौदा टनी पोकलेनची बकेट ०.६ घनमीटरच्या आसपास. नऊ-दहा बकेटमध्ये टिप्पर भरतो. एका बकेटला वीस-पंचवीस सेकंद, त्यात टिप्पर मागे घेऊन लावायचा वेळ, एकूण पाच मिनिटं. माती टाकायची जागा लांब. जाणं, ओतणं, परत येणं यात वीस मिनिटं. म्हणजे एक फेरी पंचवीस मिनिटांची, आणि मशीन सतत भरत राहायचं तर पाच टिप्पर लागतील.

पण बाजूला थांबायच्या जागा मोजल्या तर या रस्त्यावर तीनच टिप्पर न अडकता फिरतात. चौथा घातला की वळणावर दोघं तोंडाला तोंड लावून उभे राहतात आणि वाडीची एसटीही त्यांच्यामागे अडकते. म्हणून टिप्पर तीन. आता त्याच तीन टिप्परांना वीस टनी मशीन लावलं तर ते चार मिनिटांत गाडी भरेल आणि मग निम्मा वेळ नुसतं उभं राहील. काम करताना ते तासाला बारा-पंधरा लिटर डिझेल पितं. जास्तीची ताकद घेऊन रस्ता काही रुंद होत नाही.

चौदा टनीलाही दर पंचवीस मिनिटांत दहा मिनिटं मोकळी मिळतात. ती मी वाया जाऊ देत नाही. टिप्पर नसताना ऑपरेटर उतार साफ करतो, पुढच्या गाडीची माती जवळ ओढून ठेवतो आणि जाळीच्या भिंतीला चालतील असे दगड वेचून एका बाजूला लावतो. भिंतीसाठी बाहेरून आणायचा बराचसा दगड असा जागेवरच मिळाला.

आणखी एक गोष्ट या हिशोबात धरायची राहून जाते. जमिनीत बसलेली माती उकरली की फुगते. साध्या मातीला पाव हिस्सा धरावा लागतो, फोडलेल्या खडकाला निम्मा. कागदावर १०० ब्रास खोदाई असेल तर टिप्परच्या फेऱ्या १२५ ब्रासच्या होतात. ज्यानं हे धरलं नाही त्याचं काम शेवटच्या आठवड्यात रखडतं, आणि आमच्याकडे शेवटचा आठवडा म्हणजे पावसाचा आठवडा.

सकाळी १०.३०

वरच्या टप्प्यावर खोदाई. इथे मी स्वतः उभा राहतो.

सह्याद्रीच्या या उतारांवर खाली काळा पाषाण आणि वर मुरूम-मातीचा जाड थर. कोरड्या दिवसांत तो घट्ट वाटतो. पावसात पाणी मातीतून झिरपत खडकापर्यंत जातं आणि तिथे अडतं. मातीचं वजन वाढतं, खडकावरची तिची पकड सुटते, आणि मग उताराला फक्त निमित्त हवं असतं. म्हणून माती नेहमी वरून खाली, पायऱ्या पायऱ्यांनी उतरवायची. खालून कुरतडायचं नाही. खालून घेतलं की माती आपसूक पडते, बकेट लवकर भरते, तास वाचतात, आणि एखाद्या दिवशी मशीनसकट माणूस गाडला जातो.

कडेला काम करताना चेन दरीला काटकोनात ठेवायची आणि चालवणारी मोटर मागच्या बाजूला. जमीन हलल्यासारखी वाटली तर वळण न घेता सरळ मागे येता आलं पाहिजे. समोर एक माणूस नुसता बघायला उभा. त्याच्या हातात शिट्टी, त्याला दुसरं काम नाही. काही ठिकाणी हा माणूस ‘रिकामा’ म्हणून हजेरीतून कापला जातो. मी कापू देत नाही.

आज वरच्या कडेला एक भेग दिसली. बोट शिरेल एवढी रुंद, दोन माणसांच्या लांबीची. तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या, मधलं अंतर मोजून लाकडावरच लिहून ठेवलं आणि त्या पट्ट्यात मशीन न्यायचं नाही असं ऑपरेटरला सांगितलं. पुन्हा चारला मोजायचं.

दुपारी १

जेवण आंब्याच्या सावलीत. ऑपरेटरनं सिलक्याराचा विषय काढला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तराखंडच्या त्या बोगद्यात अडकलेल्या ४१ कामगारांपैकी १५ त्याच्या झारखंडचे होते. मोठं ऑगर मशीन ढिगाऱ्यातल्या लोखंडात अडकून तुटलं, आणि शेवटचे काही मीटर हातानं कोरून माणसं बाहेर काढली. "मशीन छोटी पड गई," तो म्हणाला. मी म्हटलं, छोटी नाही पडली. समोर माती-दगडात लोखंड मिसळलेलं होतं, आणि ते मशीन त्यासाठी नव्हतं. आमच्या महाडलाच ऑगस्ट २०१६ मध्ये सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा पुरात गेलेल्या एसटी गाड्या शोधायला क्रेनला ३०० किलोचं लोहचुंबक बांधून नदीत सोडलं होतं. गढूळ, वाहत्या पाण्यात बकेट काय शोधणार? समोर काय आहे ते पाहून अवजार ठरवावं लागतं.

दुपारी २

हा तास कागदांचा. टिप्परचे वाहतूक परवाने, रॉयल्टीच्या पावत्या, कालचं लॉगबुक. एका टिप्परचा परवाना संपत आला होता, त्याचं नूतनीकरण होईपर्यंत टिप्पर उभा केला. मालक फोनवर चिडला. चिडू दे.

दुपारी ४

भेग मोजली. अंतर तेवढंच. तरी खुंट्या तशाच ठेवल्या.

याच सुमाराला, २२ जुलै २०२१ च्या दुपारनंतर, तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला. त्या पावसाची कल्पना यावी म्हणून एवढंच सांगतो, की महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर नोंदला गेला. सावित्री तिथेच उगम पावते आणि तिचं पाणी पोलादपूरवरून महाडला येतं. महाड शहर पाण्याखाली होतं. तळीयेत ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि शोध थांबवला तेव्हाही काही जण सापडलेच नव्हते. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या.

मशिनं नव्हती असं नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम तेव्हा चालू होतं आणि जिल्ह्यात पोकलेन-जेसीबींना तोटा नव्हता. पण ती पाण्याच्या दुसऱ्या बाजूला होती. मोठी मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर जे वाचले होते त्यांनी हातांनी आणि फावड्यांनी चिखल उपसला. मला त्या दिवसाबद्दल सगळ्यात जास्त सलतं ते हेच.

आणि हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. २००५ च्या जुलैत याच महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते ही गावं दरडीखाली आली होती. २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. तिथे गाडीरस्ताच नव्हता, त्यामुळे जवानांनी कुदळ-फावड्यांनी काम केलं. म्हणून कुणी "तुमच्याकडे किती मशिनं आहेत" असं विचारलं, की मी उलट विचारतो, "जुलैत ती कुठे उभी असतात?"

दरडीवर मशीन पोचल्यावरही त्याचं काम साध्या खोदाईसारखं नसतं. चिखलात टायरचा जेसीबी रुततो, तिथे रुंद चेनचा पोकलेन लागतो, कारण त्याचं वजन मोठ्या जागेवर पसरतं. उलट रस्ता मोकळा करायला जेसीबीच हवा, कारण तो ट्रेलरची वाट न बघता स्वतःच्या चाकांवर निघतो. बकेट खोल घालायची नाही, पातळ थर काढायचा, बाजूला माणूस बघत उभा राहायला हवा. आणि मधूनमधून सगळी इंजिनं बंद करून कान लावायचे. महाडची तारिक गार्डन ही इमारत ऑगस्ट २०२० मध्ये कोसळली, तेव्हा चार वर्षांचा एक मुलगा सुमारे १९ तासांनी जिवंत निघाला. अशा ठिकाणी लिव्हर सोडून द्यायचं भान असलेला ऑपरेटर हवा, आणि ते भान बाराही महिने रोजच्या कामातून अंगी बाणवावं लागतं.

संध्याकाळी ५.३०

पोकलेन थांबला. बकेट जमिनीला टेकवून, दाब सोडून, किल्ली काढून. एवढ्यात वाडीतला एक तरुण आला. "दादा, जेसीबी दोन तास पाठवा ना. घरामागं जरा कापून सपाट करायचंय, गोठा बांधायचाय. तासाचे हजार-बाराशे जे काय असतील ते देतो."

मी जागा बघायला गेलो. घराच्या मागच्या भिंतीपासून पाच पावलांवर डोंगर आधीच उभा कापलेला, डोक्यावर हातभर उंच. वरून झाडाची मुळं लोंबत होती. खाली, जिथे माती संपून खडक लागतो, तिथे मी हात लावला. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथे ओल होती.

त्याला ती ओल दाखवली. डोंगराचा पायथा हा वरच्या मातीचा टेकू आहे. तो काढला की वरचा सगळा भार मोकळा होतो. जेसीबी तासावर मिळायला लागल्यापासून कोकणात घरोघरी असे उभे काप झाले आहेत. प्रत्येक काप दोन तासांचा आणि प्रत्येकाला कारण अगदी साधं: गोठा, अंगण, मोटारसायकल ठेवायला जागा. कारणं खोटी नाहीत. सपाट जमीन इथे सोन्याच्या भावाची आहे. तरी मशीन द्यायला मी नाही म्हटलं, आणि तासाला दुप्पट देणाऱ्यालाही नाहीच म्हणेन. हे काम नाकारायचा हक्क मशीनवाल्याला आहे, आणि तालुक्यातल्या प्रत्येक जेसीबी मालकानं तो वापरायला हवा असं माझं ठाम मत आहे.

ओट्यावर बसलेल्या त्याच्या आजीनं सगळं ऐकलं. "गोठ्याचं ऱ्हाऊं दे," ती म्हणाली, "वरचं पानी कुठं जानार त्ये सांग."

तिनं विचारलं ते खरं होतं. घराच्या वर, कापाच्या माथ्यापासून लांब, आडवी चर काढून पाणी बाजूच्या ओहोळाला दिलं तर भार बराच कमी होईल. तिथे मशीन चढवायचं नाही, चढवताना उतारच मोडेल. ते काम कुदळीचं. उद्या आमची दोन माणसं आणि त्याच्या घरची दोन, सकाळच्या गारव्यात सुरू करतील. गोठा अंगणाच्या खालच्या बाजूला बसतो, खांब थोडे उंच घ्यावे लागतील. तरुण पूर्ण राजी झाला नाही, पण जागा मोजायला टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं.

संध्याकाळी ७.३०

लॉगबुक. प्रत्येक मशीनचा अवर मीटर, डिझेल, टिप्परच्या फेऱ्या, आणि मशीन उभं राहिलं तर का. हा शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा असतो. पोकलेन आज पाऊण तास उभा होता: लॉक पिन, परवान्याचा टिप्पर, भेगेची मोजणी. यातलं पहिलं पुन्हा घडू नये म्हणून पिनांचा एक डबा साईटवरच ठेवायला सांगितला. डिझेल आणि तास यांचं प्रमाण रोज ताडून पाहतो. ते अचानक वाढलं तर एक तर फिल्टर तुंबलाय किंवा डिझेल दुसरीकडे जातंय, आणि दोन्ही लवकर कळलेलं बरं.

रात्री ८.३०

मालकांशी फोन. पावसाची मांडणी ठरवायची होती.

पोकलेन खाली आणायचा, यावर दोघांचं एकमत. जुलैत तो या रस्त्यावर राहिला तर साईटवरच अडकेल, शिवाय ओल्या भरावावर त्याचं वजन नको. प्रश्न जेसीबींचा होता. मालकांचं म्हणणं, दोन्ही महाडला आणा, तिथे रोजचं काम मिळेल, इथे उभं मशीन काय कमावणार? धंद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. उभ्या मशीनचा हप्ताही चालू असतो आणि ऑपरेटरचा पगारही.

मी त्यांना मोरीची गोष्ट सांगितली. वाडीकडे जाणारा रस्ता एका ओढ्यावरून जातो आणि त्यावरची मोरी लहान आहे. ती तुंबली किंवा वाहून गेली तर महाडहून निघालेलं कितीही चांगलं मशीन अलीकडेच थांबेल. म्हणून एक जेसीबी ओढ्याच्या पलीकडे, वाडीच्या बाजूला, कातळाच्या उघड्या सपाटीवर. वर माती नाही, पाणी साचत नाही अशा जागी. दुसरा अलीकडे, बिरवाडीच्या बाजूला, कुठल्याही रस्त्याला धावायला मोकळा. पलीकडच्याबरोबर बंद पिंपात डिझेल, एक जादा हॉज पाईप, दोरखंड, दिवे, आणि ऑपरेटरची राहायची सोय वाडीतच. लांब राहणारा ऑपरेटर त्या रात्री पोचणारच नाही, मग मशीन तिथे असून उपयोग काय? घाटरस्त्यांवर पावसाळ्यात प्रशासन जेसीबी तैनात ठेवतं, तसं वाडीच्या रस्त्यांसाठीही उभ्या तासांचा दर आधीच करारात लिहून घ्यायला हवा, म्हणजे भार एकट्या मालकावर पडणार नाही. या वेळी तो दर नाही. पुढच्या निविदेत तो मागायचाच, असं मी म्हटलं.

मालक थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ऑगस्टअखेरपर्यंत ठेव. डिझेलचा हिशोब मला वेगळा दे."

लगेच ट्रेलरवाल्याला फोन लावला. परवा सकाळी सहाला, त्याच रुंद जागेवर. एकच पोकलेन. टायर आमचे आम्ही आणू. जेसीबी? नाही, तो नाही यायचा, तो वरच राहतोय.